भिजलेला गणवेश

१

“हे चित्र खोटं आहे,” असं माझी धाकटी बहीण भरल्या सभागृहात म्हणाली आणि हातातला चहा निवायच्या आत तीच चोर ठरली. खरं बोलल्याची शिक्षा इतक्या झटपट मिळालेली मी कोर्टातही पाहिली नाही, आणि वकिली करण्यात माझं सगळं आयुष्य गेलंय.

आधी चित्राबद्दल सांगते. आमच्या शहरात रस्त्यांवरच्या भिंती रंगवणारी एक बाई आहे. तिला फार थोड्यांनी पाहिलंय. कुठल्याही उंच, अडचणीच्या भिंतीवर चढून बसते म्हणून लोकांनी तिचं नाव पाल ठेवलं, आणि तिलाही ते आवडलं असावं, कारण ती सहीही तशीच करते. भिंत काही घरी नेता येत नाही, आणि तिची बरीच चित्रं आठवड्याभरात कुणीतरी चुना फासून पुसून टाकतं. म्हणून अधूनमधून ती कागदावर एखादी आवृत्ती काढते. माझी बहीण आपल्या छापखान्यात मूळ चित्र स्क्रीनवर, म्हणजे ताणून बसवलेल्या जाळीतून, छापते, मग पाल प्रत्येक प्रतीवर स्वतःच्या हाताने रंगकाम करते आणि खाली पेन्सिलीने क्रमांक घालून सही करते. प्रती चाळीस, आणि चाळीसही वेगळ्या. त्या झाल्या की स्क्रीन धुऊन टाकायची. पुन्हा छपाई नाही. अशा प्रती जमवणाऱ्यांचं आमचं एक संग्राहक मंडळ आहे. हो, आमचंच. वेड काय फक्त दुसऱ्यांनाच लागतं?

या आवृत्तीत छापलेली होती फक्त कपडे वाळत घालायची दोरी, कागदाच्या या काठापासून त्या काठापर्यंत. तिच्यावर पालने कुठे झबली वाळत घातली, कुठे चादर, एका प्रतीवर तर नुसते चिमटे. आणि एकोणीस नंबरच्या प्रतीवर एका शिपायाचा गणवेश. उलटा टांगलेला, चिंब भिजलेला, बाह्या लोंबत असलेला. ही प्रत पाहून ज्याच्या तोंडाला पाणी सुटलं नाही असा संग्राहक आमच्यात नव्हता. तिचे मालक आमचे दातांचे डॉक्टर.

प्रदर्शनासाठी त्यांची फ्रेम माझ्या बहिणीकडे आली, कारण फ्रेमचा एक सांधा सुटला होता. तिने छापखान्यात फ्रेम उघडली, प्रत बाहेर काढली, आणि तशीच सुटी घेऊन सभागृहात आली.

“एकट्या असताना फ्रेम उघडलीत तुम्ही,” मंडळाचे अध्यक्ष सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. ते कलेचे प्राध्यापक, आणि पालवर पुस्तक लिहिणारे एकमेव. “आणि आता म्हणता आत खोटी प्रत होती. मग खरी गेली कुठे, बाई? दोरी तर तुमच्याच छापखान्यातली दिसतेय.”

चित्रं लावणारी माणसं थांबली. बघायला आलेले लोक वळून बघायला लागले. कुणीतरी “चोर” म्हणालं आणि तो शब्द मग खोलीभर फिरला. मंडळाने तिथल्या तिथे ठरवलं की पुढच्या बैठकीत बहिणीने माफीपत्रावर सही करून खरी प्रत परत करायची. नाहीतर मंडळ सगळ्या गॅलऱ्यांना तिचं नाव कळवणार, आणि मग पालचं काय, कुणाचंच काम तिच्याकडे येणार नाही.

“सही?” बहीण म्हणाली. “मी केलेल्या कामावरच मी सही करते. हे काम माझं नाही.”

प्राध्यापकांनी ती खोटी प्रत कपाटात ठेवायच्या आधी मी ती हातात घेऊन नीट बघून घेतली. गणवेश होता तसाच होता, खाली क्रमांक आणि सहीही. चारही बाजूंना बोटभर कोरा कागद आणि मधून जाणारी छापील दोरी. मला ती चांगली नीटनेटकी वाटली.

२

छापखान्यात बहीण स्क्रीनच्या लाकडी चौकटी आपटत होती. राग आला की ती भांडीही तशीच घासते.

“तू माझी वकील म्हणून आलीस की बहीण म्हणून?”

“बहीण म्हणून. वकील म्हणून मी असल्या अशिलाला आधी गप्प बसायला सांगितलं असतं.”

“गप्प? मी? आणि उद्या डॉक्टरांनी तेच खोटं चित्र मरेपर्यंत भिंतीवर बघत बसायचं?”

“खोटं आहे हे तुला कसं कळलं?”

तिने मला भिंतीपाशी नेलं. भिंतीवर रंगांच्या खुणांचं जंगल माजलं होतं. “पाल टेबलावर काम करतच नाही. कागद असा उभा लावते, भिंतीला. म्हणजे ओला रंग आपोआप खाली येतो. एकोणीस नंबरमधलं पाणी तसं ओघळलेलं होतं. यातले थेंब ब्रशने बसून काढलेत. एकेक थेंब गोंडस, जुळ्या भावंडांसारखा.”

“मग सभेत हे सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं. सर म्हणाले, हे तुमचं मत झालं.”

“खऱ्या प्रतीत अजून काय वेगळं होतं?”

“ताई, चाळीस प्रती मी रॅकवर वाळत घातल्या आणि उचलल्या. प्रत्येकीचं तोंड पाठ आहे का मला?”

मी आता नको असलेला प्रश्न विचारला. “आणि दोरी? ती कुणाची?”

ती म्हणाली, “माझी. माझ्याच स्क्रीनवरची, त्याच कागदावर.”

झालं! शंकेची पाल इतका वेळ गप्प होती, ती आता चुकचुकली. पण बहिणीने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि फणकारून म्हणाली, “तशी बघू नकोस. आवृत्तीच्या पहिल्या दिवशी मंडळाचे सगळे इथे आले होते. प्रत्येकाने हौसेने स्वतःच्या हाताने एकेक कोरी दोरी छापून घरी नेली. तूसुद्धा नेलीस.”

खरंच की. माझी माळ्यावर गुंडाळून पडली होती. म्हणजे खोटं चित्र करायला लागणारा कागद आमच्यातल्या प्रत्येकाकडे होता.

३

आमच्या मंडळातला गॅलरीवाला चित्रांच्या फ्रेमही करतो. त्याच्याकडे गेले तेव्हा तो शिडीवर उभा राहून दिवा बदलत होता. मला बघून वरूनच ओरडला, “या वकीलबाई! बेड्या आणल्यात का?”

“तुमच्या मापाच्या मिळाल्या नाहीत. खाली उतरा.”

तो उतरला. त्याच्या टेबलामागे त्याची कोरी दोरी लावलेली होती, आणि तिच्यावर त्याने खऱ्या चिमट्यांनी कसल्या कसल्या चिठ्ठ्या अडकवल्या होत्या. 

“एकोणीस नंबरची फ्रेम मीच केली,” तो म्हणाला. “माउंटही, म्हणजे चित्राभोवतीचा पांढरा पुठ्ठा, मीच कापला. चारही बाजूंनी बोटभर कागद माउंटखाली घेतला, नाहीतर कागद आत घसरतो. मधे एकदा काच तडकली तेव्हा पुन्हा मीच बदलली.”

“तेव्हा प्रत खरी होती?”

“शंभर टक्के. आता म्हणाल, चोर असं म्हणणारच. म्हणा. पण काच बदलताना डॉक्टर इथे, या स्टुलावर बसून माझे दात मोजत होते. चित्र बाहेर काढून दोघांनी पाहिलं आणि पुन्हा आत घातलं. त्यांना विचारा.”

“मग त्यानंतर फ्रेम डॉक्टरांच्याच घरी होती?”

“घरीच. म्हणजे मधे त्यांच्या घराला रंग दिला तेवढं सोडून. तेव्हा रंगाचे शिंतोडे उडायला नकोत म्हणून ती दुसरीकडे ठेवली होती.”

“कुठे?”

गॅलरीवाल्याने खांदे उडवले, जणू सगळ्या जगाला माहीत असलेली गोष्ट मी विचारत होते. “सगळ्यात सुरक्षित जागी. अध्यक्षांकडे.”

४

प्राध्यापकांचं घर म्हणजे नुसत्या काचा. प्रत्येक भिंतीवर पाल. त्यांनी मला प्रेमाने सगळं दाखवलं, आणि खोटं कशाला बोलू, माणूस चित्रावर बोलायला लागला की ऐकत राहावंसं वाटतं.

“माझा एक नियम आहे,” ते म्हणाले. “मी चित्र फ्रेमसकट घेतो आणि आजवर एकही फ्रेम उघडलेली नाही. काच उघडली की हवा आत जाते, हात लागतो, चित्र मरतं. लेखात मी स्पष्ट लिहिलंय, फ्रेम उघडणारा संग्राहकच नव्हे. तुमच्या बहिणीला हे कुणी शिकवलं नाही.”

“तिला उघडी चित्रं बघायची सवय आहे. ती छापते ना.”

“छापणं आणि समजणं यात फरक असतो, वकीलबाई.”

मी जिभेवर आलेलं गिळलं. आयुष्यात असं किती वेळा केलंय ते बोटांवर मोजता येईल.

टेबलावर एक जाड बाड होतं. त्यांच्या येणाऱ्या पुस्तकातले फोटो. एकोणीस नंबरचाही होता, डॉक्टरांच्या दिवाणखान्यात फ्रेमसकट काढलेला, माउंटची पांढरी किनार दिसत होती. शेजारी पालच्या काही चित्रांच्या हुबेहूब नकला होत्या.

“या कुणी काढल्या?”

“मीच. चित्र समजून घ्यायचं तर स्वतः काढून पाहावं लागतं. तरुणपणी मला चित्रकारच व्हायचं होतं.” ते किंचित हसले. “तुमच्या डोळ्यांत काय आलं ते कळलं मला. नकला करतो म्हणून चोर? मग सगळ्या चित्रकला शाळांना टाळं लावा.”

“तसं नाही. पण डॉक्टरांची फ्रेम तुमच्याकडे होती ना?”

“होती. या खुर्चीत बसून मी तिच्याकडे रोज बघत होतो. बघणं गुन्हा असेल तर घाला खटला.”

“आणि तुमची कोरी दोरी?”

“असेल कुठेतरी. कोऱ्या दोरीला कोण विचारतो?”

पालने हात पुसलेली चिंधीसुद्धा ज्याने काचेत लावून ठेवली होती, त्या माणसाचं हे उत्तर. पण एवढ्यावर कुणाला चोर ठरवायला मी काही आमचं मंडळ नव्हते. दारापर्यंत पोचवायला आले तेव्हा ते मऊ आवाजात म्हणाले, “सही करायला सांगा तिला. नाहीतर तो छापखाना बंद झालेला मला बघावा लागेल.”

५

दातांचे डॉक्टर परगावाहून त्याच दिवशी परतले होते. दवाखान्यात गर्दी होती, म्हणून मी रुग्णाच्या खुर्चीतच जाऊन बसले. 

“आ करा,” ते सवयीने म्हणाले.

“तुम्हीच करा. बोलायचंय तुम्हाला.”

ते हसले, पण चेहरा उतरलेला होता. “ती खोटी प्रत मला अजून कुणी दाखवलीसुद्धा नाही. सर म्हणाले, पुरावा आहे, कपाटातच राहू द्या. मला खरं सांगा, ताई, तुमची बहीण असं करेल असं मला नाही वाटत. पण दुसरं कोण?”

“चित्र पहिल्यांदा कधी हातात घेतलंत?”

“छापखान्यातच, सुटं. मग ते बरेच दिवस इथे या टेबलाच्या काचेखाली होतं. लोक दात दुखायचं विसरून बघायचे. एका आजीबाईंनी तर त्या हाताला नमस्कार केला होता.”

“कुठल्या हाताला?”

“गणवेश पिळणाऱ्या. डाव्या काठाला नाही का, बाहीच्या टोकाला? कागदाच्या बाहेरून आलेला बाईचा हात. बाही मुठीत धरून पिळतोय. सगळी गंमत तिथेच आहे. पण फ्रेम केल्यावर तो नेमका माउंटखाली गेला. मला वाटलं, फ्रेम अशीच करतात, म्हणून मी काही बोललो नाही. माउंट आला की चित्र नुसतं भिजलेल्या कपड्याचं होतं.”

मी खुर्चीतून इतक्या झटकन उठले की वरचा दिवा माझ्या कपाळाला लागला. सभागृहात मी धरलेल्या कागदावर डाव्या काठाला कोरा कागद होता. मला नीटनेटका वाटलेला, बोटभर कोरा कागद.

“डॉक्टर, बैठकीला याच. आणि या हाताबद्दल तोपर्यंत कुणाजवळ अवाक्षर काढू नका.”

६

बैठक सभागृहामागच्या खोलीत होती. बाहेर प्रदर्शनाला भरपूर गर्दी. सचिवांनी माफीपत्र बहिणीसमोर सरकवलं आणि वर पेन ठेवलं. तिने पेन उचलून त्यांच्याच खिशाला लावलं.

“आधी मला थोडं विचारायचंय,” मी म्हणाले. “अध्यक्ष महाराज, या विषयात तुमच्यापेक्षा जाणकार कुणी नाही. एकोणीस नंबरची प्रत तुम्ही फ्रेमबाहेर कधी पाहिलीत?”

“कधीच नाही. माझा नियम सगळ्यांना माहीत आहे.”

“माउंटखाली काय आहे, हे कुणी सांगितलंय?”

“माउंटखाली डोकावणं मला असभ्य वाटतं. त्याची चर्चासुद्धा.” दोघंतिघं हसले.

“ठीक. मग ती कपाटातली प्रत टेबलावर येऊ द्या.”

आली. डॉक्टरांनी ती पहिल्यांदाच बघितली आणि तोंड उघडलं. मी त्यांच्या पायावर पाय ठेवला.

“बघा,” मी सगळ्यांना म्हणाले. “जेवढा भाग काचेतून दिसतो तेवढा हुबेहूब उतरवलाय. पण माउंटची रेघ आली की रंगकाम संपतं. पुढे कोरा कागद. म्हणजे ज्याने ही नक्कल केली त्याच्यासमोर चित्र होतं ते फ्रेममधलं. त्याने केलेलं चित्र माउंटच्या मापाचं आहे, पालच्या मापाचं नाही. पालचं चित्र कागद संपेपर्यंत जातं, कारण ती कागद भिंतीला लावून रंगवते आणि भिंतीवर तिला कुणी माउंट घालत नाही. आता माझी बहीण. तिच्याकडे खरी प्रत सुटी होती, ती कशाला अर्धीच बघून काढेल? गॅलरीवाल्याने स्वतः माउंट कापला, आत काय झाकलं ते त्याला ठाऊक. डॉक्टरांच्या टेबलावर तर ते चित्र उघडंच पडलेलं होतं.”

“सगळा तर्कच!” प्राध्यापक म्हणाले. “मुळात झाकलेल्या भागात काही होतं याला पुरावा काय?”

“होतं ना. डाव्या काठाला बाईचा हात आहे. गणवेशाच्या बाहीला तो चिमटा लावतोय. एकदम घरगुती, शांत चित्र. माझ्या मते पालच्या साध्यासुध्या कामांपैकी एक.”

प्राध्यापकांचा चेहरा दात दुखल्यासारखा झाला. मी आणखी ताणलं. “वाळत घालणारी गरीब बिचारी बाई, एवढाच त्याचा अर्थ.”

“चिमटा नाही हो!” त्यांना राहवलंच नाही. “पिळतोय तो हात! बाही मुठीत आवळलीय, अंगठा आतल्या बाजूला, शिरा ताणलेल्या. घरगुती म्हणे! तुम्हाला चित्र बघताच येत नाही आणि चाललात...”

ते थांबले.

डॉक्टर सावकाश म्हणाले, “सर, अंगठा आतल्या बाजूलाच आहे. पण हे तुम्हाला कसं माहीत?”

प्राध्यापकांनी गॅलरीवाल्याकडे बघितलं. तो म्हणाला, “माझ्याकडे बघू नका. मी तर तो हात आहे हेही कुणाला सांगितलं नव्हतं.” मग प्राध्यापकांनी सोबत आणलेल्या फोटोंच्या बाडाकडे हात नेला, आणि स्वतःच मागे घेतला. त्यातला फोटो माउंटसकटचा होता.

“तुम्ही फोटोवरून आधीच नक्कल करून ठेवली होती,” मी म्हणाले. “स्वतः छापलेल्या कोऱ्या दोरीवर. डॉक्टरांच्या घराला रंग देताना फ्रेम तुमच्याकडे आली तेव्हा जन्मात पहिल्यांदा फ्रेम उघडलीत आणि अदलाबदल केलीत. तेव्हा तो हात दिसलाच असेल.”

“दिसला,” ते म्हणाले. आवाज आता सभेतला नव्हता. “खूप वेळ नुसता बघत बसलो. पुन्हा नक्कल करायला वेळ नव्हता. म्हटलं, माउंटखाली झाकलं जाईल. फ्रेम उघडतं कोण?” मग डॉक्टरांकडे वळून जवळजवळ रागानेच म्हणाले, “तुम्ही ते टीव्हीशेजारी टांगलं होतं! किती वेळा मागितलं तुमच्याकडे. तुम्हाला काय कळतं त्यातलं?”

“मला त्या हाताची आठवण येत होती,” डॉक्टर म्हणाले. “एवढं कळतं.”

खरी प्रत प्राध्यापकांच्याच एका फ्रेममध्ये, दुसऱ्या चित्राच्या मागे दडवलेली होती. त्यांनी ते स्वतःच सांगितलं. मला त्यांची दया येईल असं वाटलं होतं, पण आली नाही. चित्राच्या मोहापायी माणूस घसरतो, ते मी समजू शकते. पण आपलं पाप झाकायला एका बाईचा छापखाना बंद करायला निघणं, तेही मऊ आवाजात, हे मी कधीच माफ करणार नाही.

७

प्राध्यापक मागच्या जिन्याने निघून गेले. कुणी अडवलं नाही.

मग सुरू झाली सारवासारव. सचिवांनी माफीपत्र फाडलं, तुकडे खिशात घातले आणि बहिणीला बसायला स्वतः खुर्ची दिली. मंडळाची अब्रू, प्रदर्शनाचं नाव, सरांचं वय, असं सगळं पुढे आलं. “घरातली गोष्ट घरातच मिटवू,” एक जण म्हणाले. “झालं गेलं गंगेला मिळालं.” पुढच्या आवृत्तीचं काम तिलाच मिळेल याची मंडळ खात्री देतं, असंही म्हणाले. जणू पाल मंडळाला विचारून भिंतीवर चढते!

“आणि आम्ही सगळे तुमची माफी मागतो,” सचिव म्हणाले. त्याआधी त्यांनी उठून सभागृहाकडचं दार हळूच लावून घेतलं, आणि आवाजही खाली आणला. “मनापासून. झाला प्रकार विसरून जा, बाई.”

बहीण ऐकत होती. इतक्या दिवसांत मी तिला पहिल्यांदाच गप्प बघत होते, आणि मला भीती वाटली की ती आता हो म्हणते की काय. थकलेलं माणूस कशालाही हो म्हणतं. छापखाना वाचला होता, काम मिळणार होतं. तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर तेवढ्यावर घरी गेलं असतं.

ती उठली, दारापाशी गेली आणि दोन्ही फळ्या भिंतीला टेकेपर्यंत उघडल्या. बाहेरचे लोक वळून बघायला लागले. त्यांत त्या दिवशीचे काही चेहरे होते.

“मला चोर म्हणालात तेव्हा दार उघडं होतं,” ती म्हणाली. “आता का लावता?”

सचिवांनी आमच्या सगळ्यांकडे आळीपाळीने बघितलं. कुणीच मदतीला आलं नाही. त्यांनी घसा खाकरला, खाली बघत पहिलं वाक्य कसंबसं पुटपुटलं.

“मोठ्याने,” माझी बहीण म्हणाली. “मागच्यांना ऐकू जात नाहीये.”